रद्दीवाला नेत नाही तो मॉनिटर लोक शोधत का फिरतात?

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० ची नेहमीची देखभाल थांबवली. दिवाळी आठवड्यावर आली होती, घरोघरी माळे उपसणं सुरू होतं आणि आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर ‘चालू स्थितीतला कॉम्प्युटर, कोणाला हवाय का?’ असे निरोप येऊ लागले. कोणालाच नको होते. त्याच आठवड्यात कोणीतरी नव्वदच्या दशकातला एक पोटाडा मॉनिटर खाली गेटजवळ आणून ठेवला. रद्दीवाल्यानं हात लावला, वजनाचा अंदाज घेतला आणि ‘काचेचं नको’ म्हणून निघून गेला. तो बारा-तेरा किलोचा ऐवज मी तीन मजले वर चढवला. घरातल्यांच्या चेहऱ्यावरचे भाव इथे लिहीत नाही.

जगभर हजारो माणसं असे मॉनिटर आणि त्यांच्या काळातले संगणक शोधतात, दुरुस्त करतात, वर्षानुवर्षं सांभाळतात. बाहेरून पाहणाऱ्याला हा निव्वळ आठवणींचा खेळ वाटतो. थोडा आहेच. पण त्यामागे एक पक्कं तांत्रिक कारणही आहे: जुना संगणक आणि त्याचा मॉनिटर ही तबला-डग्ग्यासारखी जोडी आहे. नुसता डग्गा घरी आणून मैफल होत नाही.

नळीत चित्र उमटतं कसं

फुलबाजी पेटवून अंधारात गरगर फिरवली की हवेत उजेडाचं वर्तुळ दिसतं. प्रत्यक्षात वर्तुळ नसतंच. एकच ठिणगी फिरत असते, पण ती इतक्या वेगानं फिरते की डोळा फसतो. जुन्या मॉनिटरमध्ये नेमकं हेच चालतं.

त्या मोठ्या काचेच्या नळीला कॅथोड रे ट्यूब, थोडक्यात सीआरटी म्हणतात. आपले टीव्ही मेकॅनिक तिला पिक्चर ट्यूब म्हणत आले आहेत. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ कार्ल फर्डिनांड ब्राउन यानं १८९७ साली ती पहिल्यांदा केली. नळीतली हवा काढून टाकलेली असते. मागच्या अरुंद मानेतून इलेक्ट्रॉनांचा एक बारीक झोत पुढच्या काचेकडे सुटतो. काचेला आतून फॉस्फर नावाचा लेप असतो. झोत जिथे आदळतो तिथे लेप चमकतो आणि लगेच विझू लागतो. उन्हानं तापलेल्या शहाबादी फरशीवर ओल्या बोटानं लिहून पाहा. शेवटचं अक्षर काढेपर्यंत पहिलं सुकायला लागलेलं असतं. इथे ते सुकणं सेकंदाच्या हजाराव्या भागांत मोजायचं, एवढाच फरक.

म्हणून झोताला क्षणभरही थांबता येत नाही. मानेभोवती तांब्याच्या तारेची गुंडाळी असते, मेकॅनिक तिला ‘योक’ म्हणतात. तिच्यातली चुंबकीय ओढ झोताला डावीकडून उजवीकडे नेते, झपकन परत आणते, एक ओळ खाली सरकवते. असा सगळा पडदा सेकंदाला पन्नास-साठ वेळा पुन्हा लिहिला जातो.

रंगीत नळीत तीन झोत असतात आणि काचेच्या किंचित मागे बुंदीच्या झाऱ्यासारखा भोकाभोकांचा एक पातळ पत्रा असतो. तिन्ही झोत एकाच भोकातून जातात, पण जरा वेगवेगळ्या कोनांतून. त्यामुळे पलीकडे एक लाल ठिपक्यावर पडतो, एक हिरव्यावर, एक निळ्यावर. हा झारा लोखंडाचा असल्यामुळे स्पीकरचं चुंबक जवळ नेलं की पडद्यावर जांभळे-हिरवे डाग पडायचे. मॉनिटर सुरू करताना येणारा तो ‘थ्रम्म’ आवाज म्हणजे झाऱ्यातली चुंबकी घालवणाऱ्या गुंडाळीचा.

आताच्या सपाट पडद्यात यातलं काहीच नाही. तिथे चौकोनी फरश्या बसवाव्यात तसे ठिपके जागच्या जागी बसवलेले असतात. त्यांची संख्या कारखान्यातच ठरते. नळीला अशी फरशीबंदी नाही, रेघा किती आखायच्या हे बाहेरून येणारा सिग्नल ठरवतो. या एका फरकातून पुढची सगळी भानगड निघते.

मग जोडी कशासाठी? केबल तर एकच आहे

केबल एकच असते आणि तिथेच घात होतो.

१२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमनं आपला पहिला पर्सनल कॉम्प्युटर जाहीर केला, मॉडेल ५१५०. आज आपण ज्याला ‘पीसी’ म्हणतो त्या सगळ्या घराण्याचा हा मूळपुरुष. त्याच्याबरोबर हिरव्या अक्षरांचा ५१५१ मॉनिटर मिळे. त्याला चालू-बंद करायचं बटणही नव्हतं. त्याची वायर भिंतीत न जाता संगणकाच्या पाठीत खोचायची, संगणक बंद केला की तोही बंद. जोडी या शब्दाचा इतका शब्दशः अर्थ दुसरीकडे क्वचितच सापडेल.

ग्राहकाला दोन प्रकारची चित्रकार्डं, म्हणजे मॉनिटरला सिग्नल पाठवणाऱ्या सर्किटपाट्या, मिळत. एक फक्त अक्षरांसाठी, एमडीए नावाचं. दुसरं रंगीत, सीजीए नावाचं. दोघांच्या मागे नऊ पिनांचं अगदी सारखं भोक. पण आतला ठेका वेगळा. झोतानं सेकंदाला किती ओळी आखायच्या, तो हा ठेका. एमडीएचा सुमारे १८,४०० ओळींचा, सीजीएचा सुमारे १५,७०० ओळींचा. पुढे १९८४ मध्ये ईजीए आलं, त्याचा जवळपास २१,८५०. १९८७ मध्ये व्हीजीए आलं ते ३१,५०० वर गेलं, आणि त्याबरोबर पंधरा पिनांचं टोकही आलं, जे आपल्यापैकी बहुतेकांनी हातात धरलेलं आहे.

‘आकडा थोडा इकडेतिकडे झाला तर काय बिघडलं?’ असं कोणीही विचारेल. झोक्याचं उदाहरण घ्या. झोक्याला त्याची स्वतःची लय असते. बरोबर क्षणी हलका धक्का दिला की तो उंच जातो. भलत्या वेळी दिला की दोरीला हिसका बसतो आणि बसलेलं पोर पडतं. झोताला आडवं हलवणारं सर्किट असंच एका लयीवर बेतलेलं असतं. शिवाय नळीला लागणारे हजारो व्होल्टही त्याच हालचालीतून काढलेले असतात. ठेका चुकला की नुसतं चित्र वाकडं होऊन भागत नाही, आतले भाग तापून जळू शकतात. ५१५१ ला चुकून रंगीत कार्ड जोडलं तर तो धोका खरा होता. इतकंच काय, कार्डात चुकीचे आकडे भरणारा एखादा प्रोग्रॅमही मॉनिटरला इजा करू शकत असे. सॉफ्टवेअरनं मॉनिटर जाळला, ही आज थाप वाटेल. तेव्हा ती नव्हती.

पुढे अनेक ठेके ओळखणारे ‘मल्टिसिंक’ मॉनिटर आले आणि ही चिंता मिटत गेली. त्याआधीचं यंत्र मिळालं, तर मॉनिटर शोधणं हेच निम्मं काम असतं. बऱ्याचदा निम्म्याहून जास्त. संगणकांचे डबे टिकले, कारण ते एकावर एक रचता येतात. मॉनिटर जागा खातात म्हणून आधी भंगारात गेले.

तपकिरी रंग नेमका कुठे होता?

ही गोष्ट मला या सगळ्या विषयात सर्वांत आवडते.

सीजीए कार्ड सोळा रंग देतं. लाल, हिरवा, निळा आणि ‘उजळ’ अशा चार तारा, प्रत्येक एक तर चालू नाही तर बंद. त्यांच्या जुळण्या सोळा. त्यांतला सहा नंबरचा रंग हिशेबानं गडद पिवळा यायला हवा, म्हणजे लाल अधिक हिरवा, उजळ नाही. हा रंग दिसायला अगदीच ओंगळ, कुजलेल्या मोहरीसारखा. आयबीएमचा स्वतःचा रंगीत मॉनिटर ५१५३ बाजारात आला, तेव्हा त्यात एक छोटंसं सर्किट घातलेलं होतं. सहा नंबरची जुळणी ओळखायची आणि तेवढ्यापुरता हिरवा निम्म्यावर आणायचा. झाला तपकिरी. माती, लाकूड, घराची दारं रंगवायला एक कामाचा रंग मिळाला.

म्हणजे हा तपकिरी संगणकात नव्हता. कार्डात नव्हता, प्रोग्रॅममध्येही नव्हता. तो मॉनिटरमध्ये होता! स्वस्तातल्या काही मॉनिटरांत ते सर्किट नव्हतं, तिथे तीच दारं शेवाळी पिवळी दिसत. पुढच्या सगळ्या कार्डांनी हा तपकिरी उचलून आपल्या यादीत घातला. नव्या संगणकावरही काळी कमांड खिडकी उघडली की पारंपरिक सोळा रंगांत ‘गडद पिवळ्या’च्या जागी कुठे कुठे तपकिरी दिसतो, तो या एका सर्किटाचा वारसा.

हिरव्या ५१५१ चीही अशीच गंमत. त्याचा पडदा सेकंदाला फक्त पन्नास वेळा लिहिला जायचा. साधा फॉस्फर असता तर डोळ्यांसमोर लुकलुक झाली असती. म्हणून मुद्दाम सावकाश विझणारा फॉस्फर वापरला. अक्षरं दगडावर कोरल्यासारखी स्थिर दिसत. पण मजकूर वर सरकवला की मागे हिरवी भुतं रेंगाळत. दिवसभर हिशेब टाइप करणाऱ्याला ते चालून जाई, खेळणाऱ्याला नाही.

एवढं सगळं एमुलेटरवर दिसत नाही का?

बरंचसं दिसतं. जुन्या यंत्राचं सोंग घेणारा प्रोग्रॅम म्हणजे एमुलेटर. तो फुकट मिळतो, धूर सोडत नाही आणि माळा अडवत नाही. जुना खेळ एकदा खेळून पाहायचा असेल तर तेवढंच करा. हे मी संग्राहक असूनही सांगतो.

अडचण पडद्याची आहे. व्हीजीएचे बहुतेक खेळ ३२० आडव्या आणि २०० उभ्या ठिपक्यांत असत. हे चित्र ४ : ३ च्या नळीवर ताणलं जाई, त्यामुळे ठिपका चौकोनी नसून किंचित उंच असे. चित्रकारानं वर्तुळ त्या हिशेबानं काढलेलं. सपाट पडद्यावर ते चेपतं. शिवाय हे चित्र सेकंदाला सत्तर वेळा येतं आणि साठाला बांधलेल्या पडद्यावर हालचाल अडखळते. जुना खरा संगणक थेट एलसीडीला जोडला तरी गोंधळ मिटत नाही. ७२० ठिपक्यांचा अक्षरांचा पडदा आणि ६४० ठिपक्यांचा चित्रांचा पडदा यांचा ठेका एकच असतो. त्यामुळे अनेक एलसीडी एकाला दुसरं समजतात आणि अक्षरांच्या काही उभ्या रेषा जाड, काही बारीक दिसतात. सीजीए तर आजच्या पडद्याला समजतच नाही, मधे बदलयंत्र लागतं.

आणखी एक. नळीवर ठिपका आला त्या क्षणी दिसतो, साठवून मग दाखवला जात नाही. पडद्यावर बंदूक रोखून खेळायचे टीव्हीचे जुने खेळ एलसीडीवर चालत नाहीत ते यामुळेच. ती बंदूक नळीवरच्या उजेडाची नेमकी वेळ पकडायची.

मिळाला मॉनिटर. लावू प्लग?

नको. सगळ्यांत जास्त नुकसान पहिल्या पाच मिनिटांत होतं, उत्साहाच्या भरात.

परदेशातून आणलेलं यंत्र असेल तर आधी मागचं लेबल वाचा. अमेरिकेतला संगणक ११५-१२० व्होल्टचा असतो. आपल्या २३० वर लावला की खेळ खलास. आणि ५१५१ सारखा मॉनिटर संगणकाच्या पाठीतून वीज घेत असल्यामुळे तोही सोबत जातो.

मग कॅपॅसिटर. सोसायटीत पालिकेचं पाणी खळखळत, थांबत येतं. आपल्या नळाला मात्र एकसारखं येतं, कारण गच्चीवर टाकी आहे. विजेच्या सर्किटात हे टाकीचं काम कॅपॅसिटर करतो. बहुतेक मोठ्या कॅपॅसिटरांत ओला रसायनी भाग असतो. तीस-चाळीस वर्षांत तो सुकतो नाहीतर गळतो. काही जुन्या पॉवर सप्लायमध्ये कागदाच्या घड्यांचे कॅपॅसिटर असतात. त्यांच्या आवरणाला तडे जातात, आपली पावसाळी हवा आत शिरते आणि एके दिवशी ते फुटतात. माझा पहिला सप्लाय दहा मिनिटं उत्तम चालला, मग पांढऱ्या धुरानं खोली भरली. तीन दिवस घराला वास होता. तेव्हापासून मी आमच्या भागातल्या एका जुन्या टीव्ही मेकॅनिक काकांचं ऐकतो. त्यांची रीत साधी: शंभर वॉटचा बल्ब सिरीजमध्ये लावायचा आणि त्यातून यंत्राला वीज द्यायची. बल्ब भक्क पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे, हात आवरा. एकदा चमकून मंदावला तर पुढे बोलू.

तिसरा शत्रू बॅटरी. ३८६ आणि ४८६ या जुन्या प्रोसेसरांच्या अनेक मदरबोर्डांवर, म्हणजे मुख्य सर्किटपाट्यांवर, घड्याळासाठी पिंपाच्या आकाराची निळी किंवा हिरवी बॅटरी सोल्डर केलेली असते. ती गळते आणि तांब्याच्या बारीक वाटा अक्षरशः कळकून जातात, कल्हई उडालेल्या भांड्यासारख्या. ती गळती अल्कधर्मी असते. म्हणून व्हिनेगरचा हलका बोळा फिरवायचा, मग स्वच्छ करून पूर्ण वाळवायचं. पुढे कोणत्या वाटा तुटल्यात ते मल्टिमीटरनं एकेक करून पाहत बसायचं. मूळच्या ५१५० मध्ये अशी बॅटरीच नव्हती. त्याचे काही नमुने चाळीस वर्षांनी नुसती धूळ झटकून सुरू झाले, त्याचं श्रेय या उणिवेलाही आहे.

मॉनिटरचं सर्वांत नेहमीचं दुखणं मात्र घरच्या टीव्हीमुळे सगळ्यांच्या ओळखीचं आहे. चित्र आडवं होतं, थरथरतं, गायब होतं आणि डोक्यावर थाप मारली की परत येतं. याला मेकॅनिक ‘ड्राय सोल्डर’ म्हणतात. तापणाऱ्या भागांचे पाय रोज गरम होऊन फुगतात, गार होऊन आकसतात. काही वर्षांनी त्यांच्याभोवतीच्या सोल्डरला केसाएवढी गोल चीर पडते. थापेनं चीर क्षणभर जुळते. म्हणजे आपले वडीलधारे टीव्हीला मारत, त्यात शास्त्र होतं. ईएचटी, म्हणजे उच्च दाबाचा ट्रान्स्फॉर्मर, त्याच्या पायांशी ताजं सोल्डर दिलं की निम्मे ‘मेलेले’ मॉनिटर उठून बसतात.

हे जिवावर बेतण्यासारखं आहे का?

आहे, म्हणून झाकण उघडायचं काम नवख्यानं करूच नये. रंगीत नळीला वीस-पंचवीस हजार व्होल्ट लागतात. गंमत अशी की नळी स्वतःच एक टाकी आहे. काचेच्या आत एक लेप, बाहेर एक लेप, मधे काच. प्लग काढून ठेवल्यावरही तिच्यात भार राहू शकतो. काका प्रत्येक वेळी नळीच्या बाहेरच्या जमिनीच्या तारेला चिमटा लावतात, त्याचं दुसरं टोक स्क्रूड्रायव्हरला बांधतात आणि एक हात पाठीमागे धरून भार उतरवतात. विचारलं तर म्हणाले, ‘अरे, दोन्ही हात पुढे असले की वीज काळजातून जाते. एक हात घरच्यांसाठी राखून ठेवायचा.’ नळीची मानही नाजूक असते. तिला धक्का बसून टवका उडाला की हवा आत शिरते आणि नळी संपली.

आणि ‘त्यातून किरणं निघतात’ त्याचं काय? नळीत थोडे क्ष-किरण तयार होतात, हे खरं. ते अडवायलाच काचेत शिसं आणि इतर जड धातू घातलेले असतात. दाब प्रमाणाबाहेर गेला तर मॉनिटर बंद करणारं सर्किटही नंतरच्या मॉनिटरांत असतं. डोळे दुखतात ते बहुधा साठ वेळांच्या लुकलुकीनं. मॉनिटर पेलत असेल तर ७५ किंवा ८५ वर ठेवा.

पिवळा पडलेला डबा पांढरा होतो?

होतो. हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवलं की बराच उजळतो. पण अनेकदा पिवळेपणा परत येतो, आणि लेप असमान लागला तर ढगांसारखे चट्टे कायमचे राहतात. मी माझा डबा पिवळाच ठेवला आहे. पितळेची समई घासून चकाकते, प्लॅस्टिकला तो न्याय लावू नये.

शेवटी हा घरात साठवलेला कचराच ना?

हा आक्षेप मला सर्वांत रास्त वाटतो. एकेका नळीत किलोच्या हिशेबात शिसं असतं. फोडून फेकली तर ते मातीत आणि पाण्यात जातं. रद्दीवाला नको म्हणतो त्यालाही हेच कारण: तांबं थोडं, काच फार, आणि त्या काचेला आता गिऱ्हाईक नाही. पूर्वी जुनी काच वितळवून नवी नळी करता यायची. आता मॉनिटरची नवी नळीच होत नाही. गाझियाबादची सॅमटेल नळ्या बनवायची, व्हिडिओकॉननं तर २००५ मध्ये फ्रान्सच्या थॉमसनचा नळ्यांचा अख्खा धंदा विकत घेतला, नेमका तो बुडायच्या उंबरठ्यावर असताना. यांतलं काही उरलं नाही. म्हणजे जगात आज चालू असलेल्या नळ्यांची संख्या फक्त कमीच होऊ शकते. कॅपॅसिटर नवे मिळतात, डबा थ्रीडी प्रिंटरवर करता येतो, नळी मात्र घरी कोणालाच करता येणार नाही.

म्हणून बिघडलेला मॉनिटर द्यायचाच झाला, तर ई-कचऱ्याच्या नोंदणीकृत केंद्राला द्या, कचराकुंडीशी ठेवू नका. चालू असलेला देण्याआधी मात्र एकदा विचारून पाहा, कोणाला हवाय का. ‘यातून पैसे सुटतील का?’ असंही विचारतात. मोजकी मॉडेलं सोडली तर नाही. आपल्या घरांतले साधे चौदा-पंधरा इंची मॉनिटर खोक्याच्या किमतीला जातात, आणि कुरिअरवाले त्यांना उचलायलाही तयार नसतात.

आपल्याकडे जपण्यासारखं काय आहे?

इथे मला आपल्या संग्राहकांशी थोडं भांडायचं आहे. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आम्ही परदेशी यूट्यूबवर पाहिलेली नावं शोधतो. आपल्याकडे १९८४ साली संगणक-शिक्षणाच्या ‘क्लास’ या सरकारी प्रकल्पातून शाळांमध्ये बीबीसी मायक्रो हे ब्रिटिश संगणक आले, त्यांतले किती कुठल्या कपाटात कुलूपबंद आहेत हे कोणी पाहत नाही. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे जिस्ट कार्ड.

विंडोज रुळण्याआधी, डॉस या जुन्या प्रणालीच्या काळात संगणकाला देवनागरी येत नव्हती. त्याच्या अक्षरांच्या तक्त्यात इंग्रजी आकारच भरलेले. काना-मात्रा-वेलांट्या आणि जोडाक्षरं यांची त्याला कल्पनाच नव्हती. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं काम पुढे पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेत आलं आणि त्यातून हे कार्ड तयार झालं. संगणकाच्या खाचेत ते बसवायचं आणि पडदा कार्डाच्या ताब्यात द्यायचा. ‘क’, हलन्त, ‘ष’ असे संकेत आले की कार्ड ‘क्ष’ चा आकार रचून पडद्यावर उमटवायचं. प्रोग्रॅमला याचा पत्ताही नसायचा, तो आपला इंग्रजीच चालल्यासारखा चालायचा. आज ज्याला आपण इनस्क्रिप्ट म्हणतो तो कळफलकही त्याच काळातला.

तपकिरी रंग जसा मॉनिटरमध्ये होता, तशी ही देवनागरी प्रोग्रॅममध्ये नव्हती, कार्डात होती. फायलीतले संकेत आज युनिकोडमध्ये बदलता येतात, मजकूर वाचताही येतो. पण १९९० च्या आसपास एखाद्या तहसील कचेरीतल्या कारकुनासमोर मराठी कशी दिसत होती, ‘र्‍या’ कसा मोडत होता, हे पाहायचं तर तो संगणक, ते कार्ड आणि त्या ठेक्याचा मॉनिटर असं सगळं एकत्र लागतं. हिरव्या पडद्यावरची ती मराठी मी अजून प्रत्यक्ष पाहिलेली नाही. मॉनिटर आहे, गेटजवळ सापडला त्याच्याआधीचा, नऊ पिनांचा. संगणकही आहे. कार्ड नाही. कुठल्या सरकारी कचेरीच्या, छापखान्याच्या किंवा ग्रंथालयाच्या अडगळीत जुना डबा दिसला, तर विकण्याआधी त्याचं झाकण काढून आतली कार्डं एकदा पाहा.